पाळण्यातले पाय

21 ऑक्टोबर 2017. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, इंग्लंड विरुद्ध अमेरिका. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही दहा-बाराजण दाटीवाटीनं बसलो होतो. इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरनं हॅटट्रिक मारली. पुढच्या मॅचला, ब्राझीलविरुद्ध, परत हॅटट्रिक. स्पर्धेत 8 गोल आणि गोल्डन बूट. मी जाहीर करून टाकलं, "लिहून ठेवा, पाच वर्षांत हा जगातला एक नंबरचा स्ट्रायकर असेल."

कुणी लिहून ठेवलं नाही, हे माझं नशीब. काही महिन्यांतच ब्रूस्टरला मोठी दुखापत झाली आणि तो वर्षभराहून जास्त काळ मैदानाबाहेर राहिला. 2020 मध्ये शेफील्ड युनायटेडनं त्याच्यासाठी दोन कोटी पौंडांहून जास्त मोजले. प्रीमियर लीगच्या त्या सीझनमध्ये त्याचा एकही गोल झाला नाही. त्याच टीममधला फिल फोडेन मात्र मँचेस्टर सिटीकडून एकामागून एक लीग जिंकत गेला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फोडेनलाच मिळाला होता. म्हणजे दिसणाऱ्यांना दिसलं होतं, मला नाही.

मग दिसणाऱ्यांना नेमकं काय दिसतं? हा प्रश्न घेऊन मी मायकेल कॅल्विनचं 'द नोव्हेअर मेन' वाचायला घेतलं. 2013 सालचं हे पुस्तक इंग्लंडमधल्या फुटबॉल स्काउट्सबद्दल आहे. पोरांच्या मॅचेस बघत गावोगाव फिरायचं, थंडीत कुडकुडत उभं राहायचं, वहीत नोंदी करायच्या, रात्री गाडी चालवत घरी यायचं. पैसे जेमतेम, नोकरीची शाश्वती नाही, आणि ज्याला शोधलं तो स्टार झाला तरी आपलं नाव कुणाला माहीत नाही. कॅल्विन या माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून लिहितो. त्यांचा एकटेपणा, त्यांचे टोमणे, एकमेकांवरचा संशय, सगळं त्यानं टिपलंय. स्काउट म्हणजे जादूगार नाही, थकलेला माणूस आहे, हे इतक्या जवळून दाखवणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

पण हे पुस्तक त्या माणसांच्या इतकं प्रेमात आहे, की त्यांची नजर किती वेळा चुकते हे ते पुरेसं विचारत नाही.

पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या मजकुरातच दोन नावं येतात. बागेत खेळणारा रहीम स्टर्लिंग आणि आठ वर्षांचा जॅक विल्शेर. दोघांनाही पाहताक्षणी ओळखलं, ही त्या दोन गोष्टींची गंमत. दोन्ही खऱ्या. पण विल्शेर दुखापतींमुळे 2022 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. स्काउटला त्याचा पाय दिसला होता, त्या पायाचा घोटा पुढे किती वेळा दगा देईल हे कसं दिसणार? आणि त्याच वयाच्या, त्याच बागेतल्या, ज्यांच्यासाठी कुणी फोन केला नाही अशा मुलांचं काय झालं?

आपल्याकडे म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ती कधी म्हटली जाते बघा. पोरगा मोठा झाल्यावर! पाळण्यात पाय सगळ्यांचेच असतात. ज्याचं नाव झालं, त्याचे आपल्याला मागाहून आठवतात.

कॅल्विनचंच नंतरचं एक पुस्तक, 2017 चं 'नो हंगर इन पॅरडाइज', मला या पुस्तकाचं उत्तर वाटतं. तिथे तो अकॅडमीतल्या मुलांकडे जातो. त्यातला एक आकडा बराच गाजला : इंग्लंडमध्ये कोणत्याही वेळी साधारण 15 लाख मुलं संघटित फुटबॉल खेळत असतात, त्यातली सुमारे 180 प्रीमियर लीगपर्यंत पोचतात. म्हणजे 0.012 टक्के.

हा आकडा वाचून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. समोर येईल त्या प्रत्येक मुलाला 'नाही' म्हणणारा एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला, तर तो 99.988 टक्के वेळा बरोबर ठरेल. डोळे नकोत, अनुभव नको. म्हणून 'आमचा अंदाज सहसा चुकत नाही' या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. 'नाही' म्हणणं सोपं आहे आणि ते जवळजवळ नेहमीच बरोबर निघतं.

अवघड गोष्ट पुढे आहे. 'हो' म्हटलेल्या मुलाला चांगला कोच, चांगलं मैदान, डॉक्टर, मॅचेस मिळतात. तो पुढे गेला, की स्काउट बरोबर होता असं आपण म्हणतो. 'नाही' म्हटलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. तो मागे पडला, की तरीही स्काउट बरोबरच! अंदाज स्वतःच स्वतःला खरा करून घेतो.

जन्मतारखेचंच बघा. इंग्लंडमध्ये वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला, दोघं एकाच गटात. नऊ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, वेग सगळ्यातच फरक. तिथल्या अकॅडम्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त असतात, हे संशोधकांनी पुन्हापुन्हा दाखवलंय. स्काउटला वाटतं आपण गुण पाहतोय. तो बऱ्याचदा कॅलेंडर पाहत असतो.

जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी काढून टाकलं. तो फॅक्टरीत काम करत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. 2012 मध्ये लेस्टरनं त्याला घेतलं आणि 2016 मध्ये लेस्टर लीग जिंकलं. त्याच टीमचा रियाद माहरेझ सापडला, तो स्काउट स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये दुसऱ्याच खेळाडूला बघायला गेला होता म्हणून. या गोष्टी मलाही आवडतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर वार्डीची गोष्टही स्टर्लिंगच्याच जातीची आहे. तीही आपल्याला माहीत आहे, कारण तो जिंकला. नाकारलेल्या प्रत्येकात वार्डी दडलेला असतो असं त्यावरून ठरत नाही. किती जणांत होता हे कुणी मोजलं नाही, एवढंच ठरतं.

हे मी इतक्या तावातावानं लिहितोय, कारण मीही स्काउट आहे. गेली तीन वर्षं कंपनीत फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. पंचेचाळीस मिनिटं, दोन प्रश्न, एक फॉर्म. 'मला दहा मिनिटांत कळतं', असं मी कँटीनमध्ये अभिमानानं सांगायचो. मागच्या वर्षी आम्ही रोज वापरतो त्या एका ओपन सोर्स लायब्ररीत एक कठीण बग कुणी सोडवला म्हणून बघितलं, तर नाव ओळखीचं निघालं. जुना फॉर्म उघडला. मीच लिहिलं होतं : 'बोलण्यात आत्मविश्वास नाही. नको.' खाली सही माझी.

तो मुलगा आमच्याकडे चमकला असता की नाही, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. आम्ही घेतलेल्यांचं दर सहा महिन्यांनी मूल्यमापन होतं, आणि नाकारलेल्यांच्या फॉर्मचं कपाट कुणी उघडत नाही.

ब्रेंटफर्डनं 2016 मध्ये आपली अकॅडमी बंद करून बी टीम काढली आणि तिच्यात दुसऱ्या क्लबांनी सोडून दिलेली पोरं घेतली. पुढे त्यांनी अकॅडमी परत सुरूही केली, म्हणजे हा काही रामबाण नव्हता. पण दुसऱ्यांचा नकार हा शेवटचा शब्द नाही, एवढं तरी त्यांनी धरून चालून दाखवलं.

'द नोव्हेअर मेन' जरूर वाचा. फक्त वाचताना प्रत्येक स्काउटच्या त्या वहीकडे लक्ष ठेवा. तिच्यातलं एखादं पान आपल्याला वाचून दाखवलं जातं. बाकीच्या पानांवरही नावं आहेत.

मी आता फॉर्मवर 'आत्मविश्वास नाही' असं लिहीत नाही. मुलानं काय केलं, कुठे अडला, तेवढंच लिहितो. आणि दहा मिनिटांत कळतं असं कँटीनमध्ये कुणी म्हणालं, की मला फातोर्डाची ती मॅच आठवते.