मराठी कोनाडे रिकामेच

मराठी बालसाहित्यातली अद्भुतता घराचा उंबरठा ओलांडल्याशिवाय सहसा सुरू होत नाही. रत्नाकर मतकरींचे राक्षस आणि चेटकिणी, विंदांचा एटू लोकांचा देश, ‘चांदोबा’तले राजे आणि वेताळ, सगळे कुठेतरी लांब. घरात शिरलो की आपण वास्तववादी होतो: ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, माधुरी पुरंदरे यांची राधा. दोन्ही वाटा मोलाच्या. पण याच घरात, आपल्या नकळत, बोटभर माणसांचं एक कुटुंब नांदतंय ही कल्पना आपल्या लेखनात रुजली नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘बखर बिम्मची’त (१९८६) अद्भुत घरा-अंगणाशी येतं खरं, पण तिथं बोलतात ते पशुपक्षी.

मेरी नॉर्टनच्या ‘द बॉरोअर्स’ने (१९५२) इंग्रजीत हे दालन उघडलं. मोठ्या घड्याळाखाली, जमिनीच्या फळ्यांखाली राहणारं तिघांचं कुटुंब. काडेपेट्यांचं कपाट, टीपकागदाचा गालिचा, भिंतीवर राणीच्या तसबिरी म्हणून टपालाची तिकिटं. जादू औषधालाही नाही. आहे तो फक्त वस्तूंचा काटेकोर हिशोब, आणि माणसाच्या नजरेस पडण्याची भीती. या गोष्टीचं बळ मला त्या हिशोबात दिसतं. जपानी लेखिका तोमिको इनुई यांनी १९५९ साली हीच कल्पना युद्धकाळातल्या घरात नेली. तिथं छोट्या माणसांना रोज निळ्या पेल्यात दूध द्यायचं, आणि दूध तर दुर्मीळ होत चाललेलं. दुबळ्याला जगवण्याची जबाबदारी एका पेल्यात मावते. एवढं वजन पेलणारा हा प्रकार आहे.

आपल्याकडे बी नव्हतं असंही नाही. महाभारताच्या आदिपर्वातले वालखिल्य ऋषी अंगठ्याएवढे. सगळे मिळून पळसाची एक काडी ओढत यज्ञाला निघालेले, आणि गाईच्या खुरानं पडलेल्या खळग्यातल्या पाण्यात धडपडत होते. इंद्र हसला, त्यांना ओलांडून गेला. त्यांनी दुसरा इंद्र घडवायचा यज्ञ मांडला आणि त्यातून गरुडाचा जन्म ठरला. एका खुराच्या खळग्याचं तळं करणारी ही नजर बालकथेत उतरायला हवी होती.

अंजनगाव सुर्जीसारख्या वऱ्हाडी गावात तर चिमुकल्यांना घरात जागा आहेच. भाद्रपद पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी येतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुक्काम करतात. मुली रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे सासर-माहेरची गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात. महालक्ष्म्यांसोबत त्यांची बाळंही बसतात. पाहुणे जेवले का, याची घरभर काळजी. असं असूनही रात्री दिवा मालवल्यावर ही मंडळी काय करत असतील, हे लिहायला कोणी बसलं नाही. कारण उघड आहे. लहान मुलांसाठीच्या गोष्टीकडून आपण फार काळ बोधच मागत आलो. देवघरातल्याला पाया पडायचं, त्याच्याशी खेळायचं नाही, हा धाकही आडवा आला असावा.

ही गोष्ट अंजनगावात घडली तर तिला काय लागेल? भोवती पानमळे. कोनाड्यातल्या कुटुंबाला विड्याचं एक पान म्हणजे अख्खं छप्पर, पण दोन दिवसांत सुकणारं. अडकित्ता म्हणजे मृत्यू. चुनाळ्याजवळ पाय घसरला की भाजलंच. माळ्यावर लसणाची वेणी, कोपऱ्यात कापसाचं गाठोडं. थंडीची सोय झाली. आणि आई लेकराला दटावते ती वऱ्हाडीतच: “खाली नोको उतरू, मांजर बसली हाये!” यातलं काहीही परदेशातून उसनं आणावं लागत नाही. प्रमाण मराठीत लिहिलं तर मात्र कोनाड्याला पुस्तकी वास येईल, म्हणून बोलीवर माझा हट्ट आहे.

भाषांतरांनी ही उणीव भरणार नाही. ‘किशोर’सारख्या मासिकांच्या संपादकांनी वऱ्हाडातल्या लिहित्या हातांकडून अशी एक सलग कथा मागवावी, भुलाबाईच्या महिन्यात घडणारी, बोध न सांगणारी, आणि चित्रकाराला चुनाळ्यापासून माळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू नीट मापात काढायला लावणारी.