लैला : एका नावाची वाङ्मयीन हकीकत

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीने माझ्या मेजावर एक अर्ज आणून ठेवला. दाखल्यात तिचे नाव लैला असे आहे. ते बदलून मिळावे, आणि त्याऐवजी दुसरे कोणतेही चालेल, असे तिने लिहिले होते. 'दुसरे कोणतेही' या शब्दांपाशी मी थांबलो. कारण विचारले असता ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून मुले तिच्यामागे काय ओरडतात ते मला शिपायाकडून कळले. मुलांना समज दिली गेली, पण समज दिल्याने एखाद्या शब्दाला चिकटलेले हसे सुटत नाही. त्या मुलांना ठाऊक असलेली लैला ही चित्रपटातील आणि बाकावर कर्कटकाने कोरलेली. तेव्हा हे नाव मुळात कोणाचे, त्याचा अर्थ काय, आणि ते या अवस्थेस कसे आले, हे एकदा नीट पाहावे असे मनात आले. हैदराबादेत आयुष्य गेलेल्या मराठी माणसास त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. थोडे उर्दू कानावर असते, आणि फारसी जाणणारा एखादा स्नेही शेजारीच राहत असतो.

अरबीत 'लैल' म्हणजे रात्र, आणि 'लैला' म्हणजे एक रात्र. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मुळे जो ग्रंथ मराठी वाचकाच्या घरचा झाला, त्या 'अलिफ लैले'च्या नावात हाच शब्द आहे : हजार रात्री, आणि वर एक रात्र. ('अलिफ' हे आपल्याकडील अपभ्रष्ट रूप, मूळ शब्द 'अल्फ', म्हणजे हजार.) मुलीचे नाव म्हणून लिहिताना मात्र अरबीत शेवटचे अक्षर निराळे येते. महिन्यातील सर्वांत काळोख्या, सरता न सरणाऱ्या रात्रीस जे विशेषण लागते त्याच्याशी कोशकार या नावाचे नाते जोडतात. तेराव्या शतकातील इब्न मन्जूर याच्या 'लिसान अल्-अरब' या महाकोशात आणखी एक अर्थ नोंदलेला आहे. मद्याची पहिली चढण, शुद्ध हरपण्यापूर्वीची धुंदी, तीही लैला; म्हणूनच मद्यास 'उम्म लैला', म्हणजे लैलेची आई, असे म्हणत. कोशकारही कधी कधी कवी असतात, ते असे.

रात्रीचे नाव मुलीस ठेवावे यात आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. रजनी, निशा, यामिनी, शर्वरी, विभावरी ही सारी रात्रीचीच नावे, आणि आमच्या पटावर त्यांची कधीच वाण पडली नाही. ज्या मुलखात दिवस भाजून काढतो, प्रवास रात्री होतो आणि माणसे एकमेकांस भेटतात तीही ऊन उतरल्यावर, तेथे रात्र ही भयाची नव्हे, विसाव्याची खूण ठरली तर ते स्वाभाविकच आहे. आपल्या 'लीला' या नावाशी मात्र लैलेचा काही संबंध नाही. ते संस्कृत, आणि त्याचा अर्थ क्रीडा. कानाला दोन्ही जवळची वाटतात एवढेच. एका उत्साही सहकाऱ्याने दोहोंचे मूळ एक असल्याचे मला पटवून देण्यात एक संपूर्ण तास घालविला, म्हणून हा खुलासा.

आता मुख्य गोष्ट. लैला हे नाव मजनूच्या कथेत जन्मले नाही. त्या कथेपूर्वी आणि त्या कथेबाहेर अरबस्तानात लैला नावाच्या करारी स्त्रिया होऊन गेल्या. इस्लामपूर्व काळातील, सहाव्या शतकातील कवी अम्र इब्न कुल्सूम याच्या आईचे नाव लैला होते. हीराचा राजा अम्र इब्न हिंद याने या मायलेकरांस मेजवानीस बोलावले. राजमातेने लैलेस एक ताट उचलून देण्यास सांगितले. ज्याला हवे त्याने उठून घ्यावे, असे लैला म्हणाली. राजमातेने पुन्हा आग्रह धरताच लैलेने आपल्या कुळास हाक मारून अपमानाचा टाहो फोडला, आणि तंबूत टांगलेली तलवार काढून मुलाने राजास तेथेच ठार केले. ही परंपरेने सांगितलेली हकीकत आहे. पण एका ताटावरून राजाचा जीव गेला अशी कथा ज्या नावाभोवती रचली गेली, ते नाव त्या काळी हसण्यावारी नेण्याजोगे खास नव्हते. सातव्या शतकात लैला अल्-अख्यलिया ही कवयित्री झाली. तौबा नावाच्या, लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या प्रियकरावर तिने केलेल्या विलापिका अरबी काव्यात मान्यता पावल्या आहेत. येथे विलाप करणारी लैला आहे, आणि ज्याच्यासाठी विलाप तो पुरुष मुका आहे. पुढील कथेत हे पारडे अगदी उलट झाले.

ती कथा नज्दमधील बनू आमिर या टोळीतील कैस इब्न अल्-मुलव्वह याची. लहानपणी दोघे शेळ्या-मेंढ्यांची पिले राखीत. मोठेपणी कैसाने लैलेवर कविता केल्या आणि त्या कवितांत तिचे नाव घेतले. अनर्थ झाला तो या नाव घेण्याने. ज्या मुलीचे नाव प्रेमकाव्यात चव्हाट्यावर आले तिचा त्याच पुरुषाशी विवाह लावून देणे म्हणजे लोकापवाद खरा ठरविणे, अशी टोळ्यांची रीत होती. बापाने नकार दिला, मुलगी दुसरीकडे दिली, आणि कैस रानोमाळ भटकत 'मजनून', म्हणजे जिनाने पछाडलेला, झाला. लैलेवरील संकट विरहाच्या आधीचे आहे. तिचे नाव तिच्या संमतीवाचून लोकांच्या तोंडी गेले, हे ते संकट होय. आपल्याकडे पतीचे नाव उघड न घेण्याचा संकोच स्त्रीकडे होता, म्हणून उखाणे जन्मले. तेथे हा संकोच पुरुषाने पाळावयाचा होता, आणि कैसाने तो पाळला नाही. व्हरांड्यातल्या मुलांनी तरी दुसरे काय केले?

या कैसाच्या अस्तित्वाविषयी जुन्या अरबी टीकाकारांनाच शंका होती. दहाव्या शतकातील अबुल्-फरज अल्-इस्फहानी याने आपल्या 'किताब अल्-अगानी'त त्याच्या आख्यायिका गोळा केल्या, आणि त्यांच्या शेजारीच असा कोणी झालाच नाही हे सांगणारी मतेही प्रामाणिकपणे नोंदविली. उमय्या कुळातील एका तरुणास आपले प्रेम उघड करावयाचे नव्हते, म्हणून त्याने हे पात्र उभे केले, असे त्यांपैकी एक मत. नवव्या शतकातील अल्-जाहिझ याचे निरीक्षण तर प्रत्येक वाङ्मयशिक्षकाने ध्यानात ठेवावे असे आहे : कर्ता अज्ञात असलेल्या ज्या कवितेत लैला हे नाव दिसले ती लोकांनी मजनूच्या नावावर घातली. आपल्या संतवाङ्मयात नाममुद्रेचे असेच झाले. 'नामा म्हणे' वा 'तुका म्हणे' असे अखेरीस आले की अभंग त्या गाथेत जाऊन बसतो, आणि मग खरा कोणता हे निवडताना संपादकांचे डोळे दुखू लागतात. फरक इतकाच की आपल्याकडे कवीच्या नावाने कविता ओढल्या. तेथे ज्या स्त्रीवर कविता केल्या तिच्या नावाने ओढल्या.

गंज्याचा फारसी कवी निजामी याने 1188 साली शिरवानच्या शाहाच्या सांगण्यावरून या विखुरलेल्या आख्यायिकांचे महाकाव्य केले. आधी तो कचरला होता. वाळू आणि खडक यांच्या कथेत ना बाग, ना राजदरबार. कवीने वर्णन तरी कशाचे करावे? मुलाच्या आग्रहाने त्याने लेखणी उचलली आणि चार महिन्यांच्या आत चार हजारांहून अधिक द्विपदी लिहून काढल्या. त्याने केलेला पहिला बदल आम्हां शिक्षकांस गमतीचा वाटेल. मेंढरे राखणारी ही मुले त्याने मक्तबात, म्हणजे शाळेत, नेऊन बसविली. इतर मुले पाठ घोकीत आणि ही दोघे एकमेकांची नावे. लैलेचे केस रात्रीसारखे आणि नावही रात्रीचे, हा श्लेष त्याने साधला आहे. पण त्याची थोरवी श्लेषात नाही. त्याने लैलेस बोलते केले. गल्लीतील पोरे मजनूच्या कविता गात जातात, त्या ती ऐकते, आणि आपली उत्तरे कागदाच्या तुकड्यांवर लिहून गच्चीवरून वाऱ्यावर सोडते. इब्न सलाम याच्याशी लग्न लागल्यावर ती त्यास जवळ येऊ देत नाही, हात उगारते. आणि तिची खरी तक्रार अशी की, मजनूने आपले दुःख डोंगराला सांगावे, श्वापदांना सांगावे, त्यास कोणी अडवीत नाही. माझे दुःख त्याच्याहून उणे नाही, पण मला ते उंबरठ्याबाहेर काढण्याची सोय नाही. हेमंताच्या तोंडावर पाने गळावी तशी ती मरते. हा मृत्यू मजनूच्या सर्व भटकंतीहून मला अधिक भेदक वाटतो.

अमीर खुसरोने 1299 मध्ये याच विषयावर लिहिले. नावांचा क्रम फिरवून त्याने मजनूस पुढे आणले, आणि नौफलच्या मुलीशी त्याचे लग्नही लावले. जामीने पंधराव्या शतकात, फुजूलीने सोळाव्या शतकात तुर्कीत, असे पुढे अनेक झाले. सूफींनी लैलेस परमेश्वराचे प्रतीक केले; इब्न अल्-फारिदसारख्या कवीच्या हाती ते सुंदरही झाले. परंतु ही मंडळी मनुष्यरूपी लैलेस एक प्रकारे निरोपच देतात, असे मला वाटते. मसनवीतील रूमीची प्रसिद्ध गोष्ट तेवढी निराळी. खलीफा लैलेस पाहून म्हणतो, तुझ्यात असे काय आहे? ती म्हणते, गप्प राहा, तू मजनू नाहीस. येथे निदान बोलली ती तीच.

यानंतर या नावाचे एक विलक्षण रूपांतर झाले. जे उघड झाल्यामुळे अनर्थ ओढवला, तेच पडद्याचे नाव झाले. प्रियेचे खरे नाव सांगता येत नाही अशा कवींनी 'लैला' म्हणावे आणि मोकळे व्हावे, अशी वहिवाट पडली. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने आला आणि ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला, ते या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. दोन्हीकडे रात्रीच्या नावाआड कोणीतरी उभे आहे. मात्र मालतीबाई बेडेकरांनी तो काळोख स्वतः निवडला होता, आणि लिहिणाऱ्याही त्याच होत्या.

युरोपात हे नाव बायरनने नेले. त्याच्या 'जौर' या 1813 च्या काव्यातील नायिका लैलाच. पुढे ते इतके सरसकट झाले की बिझे याच्या 1863 च्या 'मोती काढणारे' या संगीतिकेत सिंहलद्वीपातील ब्रह्मदेवाची पुजारीणसुद्धा लैला आहे! पूर्वेकडील म्हटली की लैला, एवढेच ज्ञान पुरेसे होते. 1970 मध्ये एरिक क्लॅप्टनने निजामीची कथा वाचून जे इंग्रजी गाणे केले, त्याच्या नावातही लैलाच आहे. आणि अमेरिकेच्या सरकारी यादीत 2010 नंतरच्या दशकात हे नाव मुलींच्या पहिल्या पन्नास नावांत होते. त्या मुलींस शाळेत कोणी चिडवीत असेल असे वाटत नाही.

आपल्या दक्षिणेत हे नाव जुने आहे. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहाच्या काळी अहमद गुजराती याने दखनीत लैला-मजनूची कथा रचली. उत्तरेत आगऱ्याच्या ककडीची नाजूकता सांगताना नजीर अकबराबादीस लैलेची बोटे आठवली. नाव बाजारात आले, तरी अजून त्यात लाड होता. आणि हैदराबादेत मोहरमच्या दिवसांत मर्सिये ऐकणाऱ्यास एक दुसरीच लैला भेटते. इमाम हुसैन यांच्या पत्नी, करबल्यात पडलेल्या अली अकबर यांची आई. 'उम्मे लैला' हे शब्द येताच मजलिसीत हुंदके फुटतात. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच नावाला एकीकडे रडू आणि दुसरीकडे शिटी. चित्रपटांनी ही शिटी दिली असे म्हणून मी त्यांस मोकळे करणार नाही, कारण 1976 च्या 'लैला मजनू'त निदान करुणा होती. 'लैला-मजनू' हा जोडशब्द मराठीत कोणत्याही दोन तरुणांच्या पाठीवर मारण्याचा शिक्का झाला तो आपल्याच तोंडून, आणि शिक्षकांच्या खोलीतही तो मी ऐकला आहे.

अहमद शौकी या मिसरी कवीचे 'मजनून लैला' हे पद्यनाटक 1931 चे. त्यातील एक प्रसंग मला साऱ्या परंपरेचा कळस वाटतो. येथे बाप निर्णय लैलेवरच सोपवितो : कैस की वर्द? ती कैसावर प्रेम करते. आणि ती वर्दला निवडते. ज्याने माझे नाव वाळवंटभर केले त्याच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ, असा तिचा भाव. नंतर ती पस्तावते, झुरते, मरते; पण निवड तिची असते. कित्येक वाचकांस ही लैला रूढीची गुलाम वाटते. मला तसे वाटत नाही. नावाची किंमत काय असते हे त्या नाटकात तिच्याइतके दुसऱ्या कोणासही कळलेले नाही. पुरुषाचे कैस हे नाव लोक विसरले, उरले ते टोपणनाव. स्त्रीचे खरे नाव तेवढे टिकले, आणि टिकल्यामुळेच ते कोणाच्याही तोंडी लागले.

अर्ज देणाऱ्या मुलीस मी यांपैकी सारे सांगितले नाही. ताट उचलून न देणाऱ्या लैलेची गोष्ट तेवढी सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि मग विचारले, "सर, त्या राजाच्या आईचं नाव काय होतं?" हिंद, असे मी सांगितले. ती थोडी हसली. अर्ज तिने परत नेलेला नाही. दाखल्यातील नाव बदलावयाचे तर पालकाची सही लागते, आणि तिचे वडील अद्याप सहीस आलेले नाहीत. तोवर तो माझ्या मेजाच्या खणात आहे.