उसाची टिपरी आणि बाभळीची फांदी

2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शाकीय प्रजननासाठी बटाटा, पानफुटी, ऊस, गवत ही उदाहरणे दिली आहेत. ती बरोबरच आहेत. नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरच्या मुलांनी तर उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावताना घरीच पाहिलेली असते. आमची तक्रार वेगळी आहे. ही सारी उदाहरणे हमखास यशाची आहेत. एखादी फांदी का रुजत नाही, हा प्रश्न धड्यात येतच नाही. मग कोणतीही फांदी खोचली की झाड होते, अशी मुलांची समजूत झाली तर दोष कोणाचा?

टिपरी रुजते याला कारण आहे. उसाच्या पेरावर डोळा असतो आणि मुळांचे अंकुरही बारीक ठिपक्यांच्या रूपाने आधीच तयार असतात. शेवगा, पांगारा, वड यांच्या फांद्याही सहज मुळे धरतात. पण जिच्या लाकडाची गाडीची चाके आणि नांगर होत, त्या बाभळीच्या जून फांदीला मुळे फुटणे अवघड. सागाचेही तसेच. कोवळ्या रोपाचा शेंडा संजीवकाच्या मदतीने रुजतो, जुन्या झाडाची फांदी सहसा रुजत नाही. वय वाढते तशी ही क्षमता घटते. बांधावर लावतात ती सागजडी म्हणजे फांदी नव्हेच. ते बियांपासून वाढवून शेंडा व मूळ छाटलेले रोप असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावल्या, तर जनुकांच्या दृष्टीने ते एकच झाड शंभर ठिकाणी उभे असते. उसाच्या फडात असा सारखेपणा हवाच असतो. माळावर मात्र एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो. शिवाय फांदीपासून झालेल्या झाडाला बियांच्या रोपासारखे सोटमूळ नसते. जिरायत पट्ट्यातल्या मुरमाड जमिनीत ही बाब किरकोळ नाही. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून गेलेले बाभळीचे बी चांगले उगवते, हे मेंढपाळांच्या मुलांना ठाऊक असते. तिथे फांदीचा हट्ट कशाला?

शिक्षकांनी ही उणीव वर्गातच भरून काढावी. जूनमध्ये शेवगा, वड, कडुनिंब आणि बाभूळ यांच्या बोटाएवढ्या जाड, प्रत्येकी दहा काड्या लावाव्यात. काही दिवसांत पालवी दिसली की मुले 'जगली!' म्हणून ओरडतील. तेव्हा थांबायला सांगावे. पालवी काडीत साठलेल्या अन्नावरही फुटते. दोन महिन्यांनी काड्या अलगद उकरून मुळे मोजावीत. किती रुजल्या याबरोबर किती रुजल्या नाहीत, हेही वहीत लिहायला लावावे. पुस्तकात राहून गेलेली बाजू मुले स्वतःच लिहून काढतील.