‘स्मृतिचित्रे’ आणि संसारातील पावित्र्य

पावित्र्याचा विचार निघाला की आपली दृष्टी सहजच मठाकडे वा अरण्याकडे वळते. ख्रिस्ती धर्माने पावित्र्य हे प्रत्येक श्रद्धावंताचे नित्यकर्तव्य मानले आहे खरे. पण ते चुलीपाशी आणि उसनवारीच्या दिवसांत कसे पाळावयाचे, हे दाखविणारे ग्रंथ विरळा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा तसा एक ग्रंथ होय, असे आमचे मत आहे. १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राच्या विनोदाची व सरळ भाषेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. आज त्याच्या ह्या दुसऱ्या अंगाचा विचार करू.

ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आपल्यासमोर उभे राहते. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या आघाताने त्यांच्या मनात विटाळाची अशी धास्ती बसली की, बाहेरचा जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना. घर शुद्ध राहिले, पण घरच्या माणसांना जाच झाला. पेल्याची बाहेरची बाजू घासणाऱ्या परूश्यांना येशूने काय बोल लावले, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या चित्राचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. पतीमागोमाग त्या निमूटपणे गेल्या नाहीत. ताटातुटीचे दुःख त्यांनी भोगले, पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळले, आणि जातिभेद देवाने केलेला नव्हे अशी स्वतःची खात्री पटली तेव्हाच ते सोडले.

ग्रंथाचा खरा पेच मात्र ह्यापुढे आहे. टिळकांचे औदार्य अलौकिक होते. हाती आलेला पैसा गरजवंताच्या हाती जावयास वेळ लागत नसे. उद्याची चिंता न करण्याची येशूची शिकवण त्यांनी अक्षरशः पाळली, आणि ती चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली. एकाच्या पावित्र्याचे मोल दुसऱ्याने द्यावे काय? हा प्रश्न लेखिका शब्दांनी विचारीत नाही; प्रसंग सांगते, हसते, क्वचित रागावते. पतीस ती संत ठरवीत नाही, तशीच त्याच्याविरुद्ध फिर्यादही मांडीत नाही. पण तिच्याच घरात परक्यांची मुले वाढतात, प्लेगच्या रोग्यांच्या शुश्रूषेस तीच उभी राहते. बाहेरच्या वस्तू धुऊन घेणाऱ्या बापाची ही लेक बाहेरच्या माणसांना तशीच घरात घेते. पावित्र्याची ह्याहून स्पष्ट व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

ग्रंथात एक उणीव आहे. प्रार्थना, पश्चात्ताप, अंतःकरणातील झगडा ह्यांविषयी लक्ष्मीबाई फार थोडे बोलतात. श्रद्धेचा आतील प्रवास जाणू इच्छिणारा वाचक काहीसा अतृप्त राहील. तथापि आपल्या पुण्याईचा हिशेब मांडण्याची प्रवृत्ती धार्मिक आत्मचरित्रांत किती बळावते, हे पाहिले म्हणजे ह्या मौनाचे मोल कळते. मनुष्य किती पवित्र झाला, ह्याची साक्ष त्याच्याशी संसार करणाऱ्यांनीच द्यावयाची असते. ‘स्मृतिचित्रे’ ही टिळकांविषयीची तशी साक्ष आहे. आणि ती देता देता साक्षीदाराचीही परीक्षा होऊन गेली आहे.