किटलीखालचा तवा

'फिल्टर कॉफी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उडप्याच्या हॉटेलातला स्टीलचा पेला येतो. वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत, फेस येईपर्यंत. जर्मनीत तोच शब्द वापरतात, 'फिल्टरकाफे', पण वस्तू वेगळी. कागदातून गळून काचेच्या किटलीत साठलेली काळी, पातळ कॉफी. मग भरून घ्यायची आणि तासभर पुरवायची. मी म्युनिकमध्ये नोकरीला आले तेव्हा आमच्या ऑफिसात अशी एक किटली दिवसभर तापलेली असायची. तिच्यातली कॉफी दुपारी तीन वाजता काढ्यासारखी लागायची. त्या किटलीला घाबरूनच मी घरी हाताने कॉफी करायला शिकले.

शिकले म्हणजे पुरती वाहून गेले. शंकूच्या आकाराचा ड्रिपर, हंसाच्या मानेसारखी तोटी असलेली किटली, एक दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, हाताने फिरवायची चक्की. पंधरा ग्रॅम कॉफी, अडीचशे ग्रॅम पाणी, तीन मिनिटं. रोजची नोंद स्प्रेडशीटमध्ये. कोडिंग करणाऱ्या माणसाला आकडे बदलले की निकाल बदलतो हे दिसलं की फार बरं वाटतं. शिवाय यूट्यूबवर सगळे एकमुखाने सांगत होते की ऑटोमॅटिक मशीन आळशी माणसांसाठी असतं आणि चांगली कॉफी हवी असेल तर हात चालवावा लागतो. मी ते मान्य केलं होतं. हा लेख म्हणजे त्या मान्यतेची उलटतपासणी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून सहा आठवड्यांसाठी आले. आमच्या घरी रोजचा चहा. कॉफी उपासाला, पाहुण्यांना, नाहीतर परीक्षेच्या रात्री. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. बाबांना ती मनापासून आवडते. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर सगळा संसार मांडला. आईने पुडा हातात घेऊन वाचला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ब्राइट ऍसिडिटी.

"यात ऍसिडिटी आहे असं त्यांनीच लिहिलंय आणि तरी तू विकत घेतलीस?"

मी हसले, पण उत्तर सुचलं नाही. मराठीत ऍसिडिटी हा चवीचा शब्द नाही, तो पोटाचा शब्द आहे. मग मी कोकम, करवंद, जांभूळ अशी उदाहरणं देत बसले. बाबांना म्हटलं, "बाबा, दूध न घालता एक घोट घेऊन बघा ना."

"घेतला."

"मग? काय लागतं?"

"कॉफी लागते."

तोवर त्यांचा कप संपत आला होता आणि आईचा अजून गळत होता. माझा त्यानंतर, नवऱ्याचा शेवटी. एका वेळी एकच कप होतो, त्यामुळे चौघांची कॉफी म्हणजे रेशनची रांग. चौथ्या दिवशी मी विचारलं, "बाबा, कॉफी?" ते म्हणाले, "चहा चालेल." पाचव्या दिवशीही चहाच चालला. कॉफी आवडणारा माणूस माझ्या घरात कॉफी मागायचा बंद झाला होता आणि माझ्या स्प्रेडशीटमध्ये याची नोंद करायला रकाना नव्हता.

शनिवारी मी जाऊन मशीन आणलं. साधं, तीस-पस्तीस युरोंचं, दहा कपांचं.

आता त्या यंत्राकडे नीट बघू. ज्या वस्तूला नावं ठेवायची ती चालते कशी, हे आधी माहीत असावं. कागदी फिल्टरची कल्पना 1908 सालची, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. पितळी भांड्याला भोकं पाडून तिने त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि गाळ कपात येणं थांबवलं. 1954 साली जर्मनीतच गॉटलॉब विडमान यांच्या 'विगोमाट'ने पाणी ओतायचं काम विजेवर सोपवलं. 1972 साली अमेरिकेत 'मिस्टर कॉफी' आलं आणि हे यंत्र घरोघर पोचलं.

स्वस्त यंत्राच्या पोटात पंप नसतो. टाकीतलं गार पाणी एका एकेरी झडपेतून खाली नळीत उतरतं. ती नळी एका हीटरला चिकटलेली असते. तिथे पाण्याला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे पाण्याला ढकलत वर नेतात आणि ते पाणी कॉफीवर पडतं. झडपेमुळे पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून वरच जातं. टाकी संपेपर्यंत हे चालू राहतं. हलणारा भाग म्हणजे जवळपास तेवढी ती झडप. इतक्या कमी सामानात इतकं काम करणारी वस्तू मी माझ्या क्षेत्रात क्वचित पाहिली आहे.

या यंत्रावर पहिला आरोप असतो तापमानाचा. पाणी सुरुवातीला कोमट येतं, मग तापत जातं, त्यावर आपला ताबा नसतो. आरोप खरा आहे. कमी कॉफी केली तर तो जास्तच खरा, कारण यंत्र नीट तापायच्या आत पाणी संपतं. पण तापमानाचा बाऊ किती करायचा? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी 2020 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 87, 90 आणि 93 अंशांवर कॉफी केली, मात्र तिची तीव्रता आणि पुडीतून उतरलेला अर्क सारखा राहील अशी काळजी घेतली. चव घेणाऱ्या प्रशिक्षित माणसांना तापमानाचा फरक फारसा जाणवला नाही. म्हणजे दळण आणि प्रमाण सांभाळलं तर दोन-चार अंशांनी जग बुडत नाही. मी मात्र वर्षभर थर्मामीटर धरून उभी होते.

दुसरा आरोप, यंत्र आपल्याला काही ठरवू देत नाही. हा अर्धाच खरा. पाणी कसं पडेल ते यंत्र ठरवतं. कॉफी कुठली, किती, कशी दळलेली, पाणी कुठलं, हे सगळं आपल्याच हातात असतं. लोक यातलं काहीच ठरवत नाहीत आणि दोष यंत्राला देतात. किटलीवरच्या 'कप'च्या खुणांवर विश्वास ठेवतात, आणि तो कप बहुतेकदा सव्वाशे मिलीलिटरचा असतो, आपल्या मगच्या निम्मा. चमच्याने अंदाजे पुडी घालतात. म्युनिकच्या क्षारांनी भरलेल्या पाण्याने नळीत चुना साचतो. वर्षवर्ष तो काढत नाहीत आणि मग यंत्र खोकायला लागलं की हसतात.

माझा स्वतःचा आरोप तिसरा आहे आणि त्यातून मी या यंत्राला सोडणार नाही. तो किटलीखालच्या तव्याचा.

या स्वस्त यंत्राची खरी हुशारी अशी की नळी तापवणारा हीटरच वरच्या तव्यालाही तापवतो. एका खर्चात दोन कामं. पण प्रोग्रॅममध्ये एका फंक्शनने दोन कामं केली की दुसरं काम नको असतानाही होत राहतं. इथे तेच घडतं. पाणी संपलं तरी हीटर थर्मोस्टॅटच्या तालावर चालू-बंद होत राहतो, कारण किटली गरम ठेवायची आहे. आणि तयार कॉफी अशी तापत ठेवली की तिचा वास उडत जातो, क्विनिक आम्ल वाढत जातं, पाणी आटतं. वीस मिनिटांत ती थकते, तासाभरात करपट लागते. ऑफिसातला तो काढा यंत्राने केलेला नव्हता, तव्याने केलेला होता. यंत्राने सकाळी नऊ वाजता बहुधा ठीकठाक कॉफी दिली असेल. ती तेव्हा प्यायला मीच तिथे नव्हते.

या यंत्राचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना संगणकवाल्यांच्या इतिहासात आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 साली ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेरच्या कॉफीच्या किटलीवर कॅमेरा रोखला होता. दूर बसलेल्या सहकाऱ्यांची फेरी फुकट जाऊ नये म्हणून किटलीत कॉफी आहे की नाही ते पडद्यावर दिसायचं. 1993 साली ते चित्र वेबवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. 2001 साली कॅमेरा बंद झाला, यंत्राचा लिलाव झाला आणि 'श्पीगल ऑनलाइन'ने ते 3,350 पौंडांना घेतलं. या गोष्टीत मला पूर्वी गंमत वाटायची ती तंत्रज्ञानाची. आता वाटतं की त्या लोकांना प्रश्न नेमका कळला होता. कॉफीची तीव्रता किती, हे ते विचारत नव्हते. ते विचारत होते, अजून आहे का?

'आदर्श' कॉफी हा शब्द कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने एक आलेख मांडला. एका अक्षावर कॉफीची तीव्रता, दुसऱ्यावर पुडीतून किती टक्के अर्क उतरला ते. मध्ये एक चौकोन, त्यावर लिहिलेलं 'आदर्श'. आजही चौकोन साधारण तोच: अर्क 18 ते 22 टक्के, तीव्रता 1.15 ते 1.35 टक्के. हिशेब सोपा आहे. लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम पुडी घेतली, पुडीने सव्वाशे ग्रॅम पाणी धरून ठेवलं, खाली साधारण 880 ग्रॅम कॉफी आली. तिची तीव्रता 1.3 टक्के असेल तर साडेअकरा ग्रॅम अर्क उतरला, म्हणजे 19 टक्के. चौकोनाच्या आत. माझ्या नव्या यंत्राने हे दुसऱ्याच प्रयत्नात जमवलं.

पण त्याच डेव्हिसच्या लोकांनी पुढे शंभराहून जास्त सामान्य ग्राहकांना काळी कॉफी पाजली, तेव्हा आवडीनिवडी त्या चौकोनात मावल्या नाहीत. एका गटाला जे आवडलं ते दुसऱ्याला आवडलं नाही. आणि हे सगळं काळ्या कॉफीपुरतं. दूध-जायफळाच्या कॉफीला त्या आलेखात जागाच नाही. माझे बाबा चुकीच्या जागी उभे नव्हते, ते नकाशाच्या बाहेर होते. आणि मी नकाशा हातात घेऊन त्यांना रस्ता सांगत होते.

तेव्हा यंत्राकडून चांगली कॉफी हवी असेल तर माझ्या अनुभवाचं सार एवढं. लिटरला 60 ग्रॅम पुडी, काट्यावर मोजून; चमच्याला इमान नसतं. दळण जाड रव्याएवढं. फिल्टरचा कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा. यंत्र निम्म्याहून जास्त भरूनच चालवायचं. पहिलं पाणी पडलं की चमच्याने पुडी एकदा ढवळायची, म्हणजे कडेची कोरडी राहत नाही. पाच-सहा मिनिटांत पाणी संपलं पाहिजे. रेंगाळलं तर दळण जाड करायचं. सुरुवातीची धार दाट असते आणि शेवटची पातळ, म्हणून ओतण्याआधी किटली हलवायची. महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ऍसिडच्या पाण्याने नळी साफ. आणि कॉफी झाल्याझाल्या थर्मासमध्ये ओतून यंत्र बंद करायचं. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. काचेच्या किटलीऐवजी थर्मास असलेली, तवा नसलेली यंत्रं मिळतात, थोडी महाग. स्वस्त यंत्रात मात्र हा दोष ग्राहकाला सोय म्हणून विकला जातो.

हाताने केलेली कॉफी वाईट असते असं मी म्हणत नाही. रविवारी सकाळी एकटी असले की मी अजूनही ड्रिपर काढते. माझं म्हणणं त्या कॉफीभोवती जे बोललं जातं त्याबद्दल आहे. ते बोलणं नेहमी एका कपाबद्दल, एका जिभेबद्दल असतं. चार माणसं एकत्र बसली आहेत आणि चौघांना एकाच वेळी गरम कॉफी हवी आहे, हा प्रश्न त्यात येतच नाही. दहा कपांचं यंत्र त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्मलं होतं.

बाबांसाठी मी लिटरला 75 ग्रॅम घेऊ लागले, कारण दूध घातल्यावर 60 ची कॉफी हरवते. मोजलं नाही, पण चौकोनाबाहेर गेली असणार. दूध वेगळं उकळलं, आईने सांगलीहून आणलेलं जायफळ त्यात किसलं. चौघांचे कप एकदमच भरले. कुणाला काय लागतं ते मी विचारलं नाही. आई तिच्या मावसबहिणीच्या जमिनीच्या खटल्याबद्दल सांगत होती, ते बरंच लांबलं. मध्येच बाबांनी कप पुढे केला.

"अजून आहे का?"

थर्मासमध्ये होती.