वाचायला सोपी, की चुकायला सोपी? कॉन्फिगरेशन आणि मार्कअप भाषांची तुलना

एक्सएमएल, जेसन, यॅमल आणि टॉमल यांची तुलना बहुधा एका तक्त्यात उरकली जाते: फाइल किती लांब होते, वाचायला किती सोपी, टिप्पणी लिहिता येते का. अशा तक्त्यात यॅमल सहज पुढे जाते. या टिपणात वेगळी कसोटी लावू: लिहिणाऱ्याचा हेतू स्पष्ट नसेल, तेव्हा भाषा चूक दाखवते की स्वतःच अंदाज बांधते?

उदाहरण घेऊ. शहरांचे एसटीडी कोड फाइलमध्ये ठेवायचे आहेत: जयपूर ०१४१, पुणे ०२०, पणजी ०८३२. (फाइलमधले आकडे इंग्रजी समजावेत.) कोडभोवती अवतरणचिन्हे दिलेली नाहीत.

यॅमल १.१ च्या नियमानुसार शून्याने सुरू होणारी आणि फक्त ० ते ७ हेच अंक असलेली संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. म्हणून पुण्याचा कोड १६ होतो (२ × ८) आणि जयपूरचा ९७ (६४ + ३२ + १). पणजीच्या कोडमध्ये ८ आहे. तो अष्टमानात बसत नाही, म्हणून मजकूर म्हणून जसाच्या तसा राहतो. एकाच यादीत दोन नोंदी बिघडल्या, एक वाचली, आणि पार्सरने कोणतीही सूचना दिली नाही. पणजीवर चाचणी घेणाऱ्याला सारे ठीक वाटेल. चुकीचा क्रमांक पुण्याच्या ग्राहकाला लागेल.

२००९ च्या यॅमल १.२ ने हा नियम बदलला. तरीही पुण्याचा कोड २० होतो, म्हणजे सुरुवातीचे शून्य जातेच. शिवाय पायथनमधली प्रचलित पाययॅमल लायब्ररी आजही १.१ चेच नियम पाळते. फाइल तीच, पण अर्थ लायब्ररीवर अवलंबून! नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ याच १.१ मध्ये ‘असत्य’ ठरतो, तोही अशाच अंदाजामुळे.

हीच नोंद जेसनमध्ये केली, तर सुरुवातीचे शून्य चालत नाही आणि पार्सर तिथेच थांबतो. टॉमलही थांबते, तिथे अष्टमान हवे असल्यास वेगळा उपसर्ग स्पष्ट लिहावा लागतो. एक्सएमएलमध्ये स्कीमा नसेल तर सर्व काही मजकूरच असते, म्हणून ०२० हे ०२० च राहते.

म्हणून जेसन सर्वश्रेष्ठ ठरते का? नाही. जेसनमध्ये टिप्पणीची सोय नाही. प्रतीक्षेची मर्यादा ३० सेकंदच का ठेवली, हे पुढच्या माणसाला त्या ओळीशेजारी सांगता येत नाही. दोन प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीसाठी ती उत्तम आहे; माणसाने हाताने सांभाळायच्या फाइलसाठी अपुरी आहे. टॉमलमध्ये टिप्पणी आहे, पण रचना चार-पाच पातळ्या खोल गेली की विभागांची लांबलचक नावे पुन्हा पुन्हा लिहावी लागतात.

एक्सएमएलला ‘जुनी आणि बोजड’ म्हणून बाद करणेही अन्यायाचे आहे. ती मुळात मार्कअप भाषा आहे. अँड्रॉइड ॲपमधली मराठी वाक्ये ‘व्हॅल्यूज-एमआर’ या फोल्डरमधल्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात. वाक्याच्या मधलाच एखादा शब्द ठळक करायचा, तर त्याभोवती खूण घालणे पुरते. जेसनमध्ये त्याच वाक्याचे तुकडे करावे लागतील. मात्र चार साध्या सेटिंगसाठी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खुणांचा पसारा नको.

थोडक्यात: खुणांसह मजकुरासाठी एक्सएमएल, प्रोग्रॅममधल्या संवादासाठी जेसन, हाताने लिहायच्या लहान कॉन्फिगरेशनसाठी टॉमल. कुबरनेटिससारख्या साधनांसोबत यॅमल शिकावेच लागते. तिथे मजकूर असलेले प्रत्येक मूल्य अवतरणचिन्हांत लिहावे आणि फाइल स्कीमाने तपासावी.

स्वाध्याय: आपल्या शहराचा एसटीडी कोड अवतरणचिन्हांशिवाय यॅमल फाइलमध्ये लिहा. तो पाययॅमलने वाचून मूल्य आणि त्याचा प्रकार, दोन्ही छापा. आलेल्या उत्तराचे कारण दोन ओळींत लिहा.