पूररेषा पाळली, पण पाणी कुठे गेलं?

पावसाळ्यात सांगलीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “आयर्विनला किती?” म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेलं. एवढे आकडे तोंडपाठ असलेल्या गावातही आपलं घर निळ्या रेषेच्या आत की बाहेर, हे कितीजण सांगू शकतील?

निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे मधली 24 वर्षं सुट्टी नव्हे! दरवर्षी 4 टक्के शक्यता. 30 वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर हप्ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 70 टक्के. लाल रेषेपर्यंतच्या पुराचीही 26 टक्के.

आता नियम बघू. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत उद्यान, वाहनतळ अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळू शकते. अट अशी की बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा नियम विचारतो, ‘ही इमारत बुडेल का?’ तो हे विचारत नाही, की ‘हिच्यामुळे दुसरं कोण बुडेल?’ उंची गाठण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे मुरूम टाकून भराव करायचा. कागदावर सगळं नियमात. पण त्या जागी पसरणारं पाणी काही आटत नाही. ते शेजारच्या जुन्या, बसक्या घरांकडे सरकतं. एका भरावाने फारसा फरक पडत नाही, हे खरं. पण परवानग्या एकेक करून दिल्या जातात आणि पूर मात्र सगळ्या भरावांची बेरीज करूनच येतो.

उपाय अवघड नाही. जेवढा भराव, तेवढीच खोदाई त्याच पूरमैदानात, त्याच उंचीवर करून द्या, अशी अट घाला. नाहीतर इमारत खांबांवर उभी करा, खालून पाणी जाऊ द्या. आणि रेषा नकाशातून बाहेर काढा : रस्त्यांवर खांब रोवा, खरेदीखतात नोंद करा. घर घेणाऱ्याला ती सही करण्याआधी दिसली पाहिजे. पुरात दिसून काय उपयोग?